परदेशी शिक्षकाचे रुजणे : अहमदनगरच्या अनुभवावरून एक संवाद

परक्या देशात शिकवायला गेलेल्या शिक्षकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. ज्या विषयासाठी त्याला पाठवलेले किंवा बोलावलेले असते तो विषय शिकवणे हे पहिले काम, आणि ज्या समाजात तो शिकवायचा त्या समाजात राहता येईल असे स्वतःला घडवणे हे दुसरे. हवापाणी, अन्न, घर, कायदेशीर वास्तव्य, भाषा आणि शेजार या सर्वांशी हळूहळू जुळत जाण्याच्या या दुसऱ्या कामाला प्रस्तुत लेखात 'स्थिरावणे' असे म्हटले आहे. शिक्षक इंग्रजी भाषक असेल आणि विद्यार्थ्यांनाही इंग्रजीच हवी असेल, तर या दोन कामांत ताण उत्पन्न होतो. कारण ज्या भाषेमुळे त्याला मान मिळतो तीच भाषा त्याला स्थानिक लोकांच्या बोलण्यापासून दूर ठेवू शकते.

या ताणाचा विचार करण्यासाठी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा जिल्हा विशेष उपयोगी आहे. १८१० साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन बोर्ड' या धर्मप्रसारक संस्थेचे प्रतिनिधी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांचे एक ठाणे अहमदनगरला सुरू झाले. पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेचे स्त्री-पुरुष शिक्षक शंभराहून अधिक वर्षे नगर शहरात आणि राहुरी, वडाळा यांसारख्या गावांत राहिले. परदेशी शिक्षक रुजतो म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाची जवळजवळ सर्व उत्तरे या एका जिल्ह्याच्या इतिहासात तपासून पाहता येतात.

पुढील संवाद दोन भूमिकांचा आहे. पहिली भूमिका इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडी आणि दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या तोंडी घातली आहे. या विशिष्ट व्यक्ती नव्हेत. या प्रश्नावर मराठी समाजात प्रत्यक्ष आढळणाऱ्या दोन विचारांना बोलता यावे यासाठी ही योजना केली आहे.

मुक्काम

प्राध्यापक : बाई, स्थिरावण्याची पहिली अट दीर्घ मुक्काम ही आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण सिंथिया फरार यांचे आहे. १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो येथे जन्मलेल्या फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित शिक्षिकांमध्ये त्यांची गणना होते. मुंबईत त्यांनी मुलींच्या मराठी शाळा चालवल्या, प्रकृती ढासळल्यामुळे काही काळ मायदेशी राहून त्या परतल्या, १८३९ साली अहमदनगरला आल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. वीसहून अधिक वर्षे एकाच शहरात राहिलेल्या व्यक्तीला पाहुणी म्हणता येत नाही. तिने शिकवलेल्या मुलींच्या लेकी शाळेत येण्याइतका हा काळ मोठा आहे.

शिक्षिका : सर, मुक्कामाची वर्षे मोजताना तो मुक्काम कोणाला शक्य झाला हेही पाहायला हवे. नगरचे ठाणे उघडणाऱ्यांपैकी विल्यम हर्वी हे वर्ष संपण्यापूर्वीच, १८३२ मध्ये, पटकीने गेले. जे तगले त्यांच्या पाठीशी मोठी व्यवस्था होती. बोस्टनहून येणारे वेतन, मिशनचा बंगला, सोबतचे अमेरिकन कुटुंबीय, आणि उन्हाळा असह्य झाला की महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी जाण्याची सोय या सर्वांच्या आधाराने ते राहिले. आजच्या परदेशी शिक्षकाजवळ बहुधा एका वर्षाचा करार आणि भाड्याची खोली एवढेच असते. पहिल्यांच्या दीर्घ वास्तव्याचे माप दुसऱ्याला लावणे न्याय्य ठरत नाही.

प्राध्यापक : व्यवस्थेचा आधार मान्य केला तरी त्या काळची अडचणही तेवढीच मोठी होती. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला; त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाने फरारबाईंना बोस्टनहून मुंबई गाठायला सुमारे सात महिने लागले. अहमदनगरला रेल्वे पोचली ती १८७८ साली, दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हा. तोपर्यंत घाट चढून बैलगाडीने किंवा घोड्यावरून येणे भाग होते. घरून आलेल्या पत्रातील बातमी हाती पडेपर्यंत अर्धे वर्ष जुनी झालेली असे. परतीची वाट इतकी लांब असली की माणूस आजूबाजूच्या लोकांत आपले जग शोधू लागतो.

शिक्षिका : नेहमीच शोधतो असे नाही. नगरला लागूनच भिंगारची छावणी होती, आणि तिथले इंग्रज अधिकारीही त्याच लांबच्या वाटेने आलेले होते. त्यांच्यातील बहुतेकांचा मराठीशी संबंध नोकरांना हुकूम देण्यापुरताच राहिला. पर्जन्यछायेतला तोच कोरडा मुलूख, तीच ज्वारी-बाजरी, तोच वैशाखाचा उन्हाळा या दोन्ही प्रकारच्या परदेशीयांच्या वाट्याला आला, तरी एक गट छावणीच्या भिंतीआड राहिला आणि दुसरा गावात आला. तेव्हा हा फरक मुक्कामाच्या लांबीने पडला, असे म्हणता येणार नाही.

प्राध्यापक : हे खरे आहे. मुक्काम आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही, एवढी दुरुस्ती करून पुढे जाणे योग्य होईल. फरक पडला तो रोजच्या कामामुळे. छावणीतल्या अधिकाऱ्याचे काम मराठीवाचून भागत होते. शिक्षिकेचे भागत नव्हते.

भाषा

प्राध्यापक : या मिशनने आपल्या माणसांना आधी मराठी शिकायला लावले, आणि ते शिकणे सोपे नव्हते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यापूर्वी मुंबईत उतरलेल्या फरारबाईंना असा कोशही हाताशी नव्हता. शिवाय लिपी दोन होत्या. छापील पुस्तके बालबोध लिपीत, म्हणजे आजच्या देवनागरीत असत, तर पत्रव्यवहार, हिशेब आणि दस्तऐवज मोडी या जलद लिहिण्याच्या वळणदार लिपीत असत. ज्याला पुस्तक वाचायचे आणि बाजारहाटही समजून घ्यायचा त्याला दोन्ही लिपी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. या परिश्रमांतून पुढे बरेच काही उभे राहिले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहूनच सुरू झाले आणि त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन हे अमेरिकन होते. परक्याने इथल्या भाषेत नियतकालिक चालवणे हे स्थिरावण्याचे मोठे प्रमाण मानावे लागेल.

शिक्षिका : परिश्रमांबद्दल आदर आहे, सर, पण त्यांचा हेतूही नोंदवला पाहिजे. ती भाषा शिकली गेली ती प्रामुख्याने धर्मोपदेशासाठी. बोलण्यासाठी भाषा शिकणे वेगळे आणि ऐकण्यासाठी शिकणे वेगळे. ज्या देशी शिक्षकांच्या बळावर या शाळा चालल्या, ज्यांना त्या काळी पंतोजी म्हणत, त्यांची नावेसुद्धा आज कोणाला सांगता येत नाहीत. आरंभी मुलांना धडे देणारे बहुधा तेच होते. परदेशी व्यक्ती शाळांवर देखरेख करी, परीक्षा घेई आणि पगार देई. अशा संबंधाला शेजार म्हणावे की नोकरी, हा प्रश्न उरतोच.

प्राध्यापक : हेतू लपवलेला नव्हता आणि पालकांनाही तो ठाऊक होता. एखाद्याच्या धर्मांतराची बातमी पसरली की मुले शाळेतून काढून घेतली जात, शाळा ओस पडत आणि शिक्षिकेला पुन्हा घरोघरी जाऊन विश्वास मिळवावा लागे. मात्र शिकवण्याचे फळ नेहमी शिकवणाऱ्याच्या हेतूप्रमाणे येत नाही. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले, त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. या भेटीचा उल्लेख जोतीरावांनी १८५३ मध्ये 'ज्ञानोदय'जवळ स्वतःच केला होता. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि फातिमा शेख यांचे नावही त्याच संदर्भात घेतले जाते. ज्या शाळा धर्मप्रसारासाठी निघाल्या त्या पाहून धर्मांतराशी संबंध नसलेली, पूर्णपणे इथल्या माणसांची चळवळ उभी राहिली.

शिक्षिका : मग त्या चळवळीचे श्रेय परदेशी बाईंच्या रुजण्याला द्यायचे, की जे दिसले त्यातून हवे तेवढे घेऊन बाकीचे सोडून देणाऱ्या फुले दांपत्याच्या निवडीला?

प्राध्यापक : श्रेयाचा मोठा वाटा निश्चितच दुसऱ्या बाजूला जातो. पण पाहण्याजोगे काही तिथे होते, ते मराठीत होते, आणि म्हणून पुण्याहून आलेल्या एका तरुणाला ते आपल्या शहरात करून पाहण्याजोगे वाटले, एवढा वाटा फरारबाईंचा ठरतो. त्या शाळा इंग्रजीत चालल्या असत्या तर जिज्ञासू माणसाने कौतुक करून त्या सोडून दिल्या असत्या, असा तर्क करता येतो.

इंग्रजीचा प्रश्न

शिक्षिका : या तर्काच्या नेमकी विरुद्ध साक्ष सावित्रीबाईंच्याच लेखणीतून मिळते. त्यांच्या 'काव्यफुले' या १८५४ च्या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणून गौरवणारी कविता आहे. जोतीराव स्वतः १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि त्या भाषेमुळेच थॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथापर्यंत पोचले. आता त्याच १८५४ सालाच्या अखेरीस नगरमध्ये काय झाले ते पाहावे. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन तपासणीसाठी भारतात आले. स्थानिक चर्चने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपणच करावा, असे तीन सूत्रांचे धोरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. या धोरणाला धरून मिशनच्या शाळांनी देशी भाषांतूनच शिकवावे आणि इंग्रजी शिक्षण आवरते घ्यावे असे ठरले. श्रीलंकेत जाफनाजवळील बट्टिकोटा येथील त्याच बोर्डाची नामांकित सेमिनरी १८५५ साली बंद झाली, आणि पश्चिम भारतातही इंग्रजी वर्गांवर गदा आली. मराठीवर प्रेम करणाऱ्या परदेशीयांच्या संस्थेने मराठी मुलांना इंग्रजीची गरज नाही असे ठरवले, तेव्हा त्या प्रेमाचा भार कोणी सोसला?

प्राध्यापक : अँडरसन यांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणणे कठीण आहे. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी कचेरीत जाई, गाव सोडून जाई, आणि थोड्यांच्या इंग्रजीवर खर्च होणाऱ्या पैशात पुष्कळांची प्राथमिक शाळा चालू शकली असती. हा विचार केवळ परदेशीयांचा नव्हता. १८४० साली स्थापन झालेल्या मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, म्हणजे सरकारी शिक्षणावर देखरेख करणाऱ्या मंडळात, अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने उभे राहिले तेव्हा जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लढवली. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, बहुजनांसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी असा मध्यम मार्ग घेतला. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी सरकारी पैसा उच्च वर्गाच्या शिक्षणाऐवजी प्राथमिक शिक्षणाकडे वळवण्याची मागणी केली. म्हणजे मराठीतून सर्वांना, हा आग्रह इथल्या मातीतही होता.

शिक्षिका : दोहोंत एक फरक आहे, आणि सगळा प्रश्न त्या फरकातच आहे. जगन्नाथ शंकरशेट स्वतः या समाजाचे होते; त्यांच्या मताला विरोध करायचा तर तो इथेच, समोरासमोर करता येत होता. अँडरसन यांचे धोरण बोस्टनच्या कचेरीचे होते, आणि ज्या मुलांच्या भवितव्याबद्दल ते होते त्यांचा शब्द तिथे कोणी मोजला नाही. शिवाय मिशनरी कुटुंबांची मुले मात्र इंग्रजीतच वाढली. रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला, शिक्षणासाठी ते अमेरिकेत येल विद्यापीठात गेले आणि १८७४ साली मिशनरी होऊन अहमदनगरला आले. बंगल्यातल्या मुलाला येल आणि गावातल्या मुलाला केवळ देशी शाळा, ही विषमता भाषाप्रेमाच्या नावाखाली झाकता येत नाही. पुढे मिशनला स्वतःच इंग्रजी शाळा पुन्हा सुरू कराव्या लागल्या, कारण पालकांची मागणी थांबलेली नव्हती.

प्राध्यापक : हा आक्षेप परतवता येण्यासारखा नाही. त्यामुळे आधीच्या मांडणीत आणखी एक अट घालावी लागेल. परदेशी शिक्षक स्थानिक भाषेत कितीही मुरला, तरी विद्यार्थ्यांनी कोणत्या भाषेवर समाधान मानावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला त्या मुरण्यातून मिळत नाही. त्याचप्रमाणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इंग्रजी देणाऱ्याने मराठी न शिकता ती दिली, तर तो विद्यार्थ्यांच्या मनात नकळत एक प्रतवारी रुजवतो, की शिकण्याजोगी भाषा एकच आणि दुसरी घरात बोलण्यापुरती. या दोन चुकांपैकी एक टाळताना दुसरी करण्याचा मोह फार मोठा असतो.

सत्ता आणि शेजार

प्राध्यापक : ह्यूम यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांची दुसरी बाजूही पाहावी. १८७८ साली त्यांनी नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली, आणि १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. अवर्षण या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहे. सुगीच्या वर्षी राहणे कोणालाही जमते. विहिरी आटल्यावर जो गावाबरोबर थांबतो त्याचे रुजणे खरे मानावे.

शिक्षिका : दुष्काळातली सेवा वंदनीय आहे. पण मदत देणारा आणि घेणारा यांच्यात बरोबरीचे नाते तयार होतेच असे नाही, आणि ही गोष्ट नगरमध्येच कवी नारायण वामन टिळकांना तीव्रतेने जाणवली. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर टिळक नगरला आले, तिथल्या सेमिनरीत शिकवू लागले, राहुरीलाही राहिले. ह्यूम यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. तरीही इथल्या चर्चची रीत, उपासना आणि कारभार परकाच राहिला ही खंत त्यांनी सोडली नाही. त्यांनी भजन-कीर्तनाचा मार्ग ख्रिस्ती उपासनेत आणला, आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' ही सर्वांना खुली असणारी मंडळी काढली. जवळजवळ नव्वद वर्षे स्थिरावलेल्या परदेशी संस्थेत इथला सर्वांत प्रतिभावान माणूस पूर्णपणे आपला होऊ शकला नाही. स्थिरावणे केवळ एका बाजूने मोजले तर ही उणीव दिसतच नाही.

प्राध्यापक : आणि टिळकांची ती खंत एका परदेशीयाने मनावर घेतली, हेही नगरमध्येच घडले. इंग्लंडहून आलेले अँग्लिकन पंथाचे मिशनरी जॅक विन्सलो यांनी १९२२ साली अहमदनगरला 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. भारतीय आणि इंग्रज सदस्यांनी एकत्र राहावे, खादी नेसावी, जमिनीवर बसून साधे शाकाहारी जेवण घ्यावे आणि दोघांचा दर्जा समान असावा, अशी त्याची घडण होती. पुढील वर्षी विन्सलो यांचे टिळकांवरील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. संघ नंतर पुण्याला गेला, आणि १९२७ साली तिथे आलेल्या तरुण इंग्रजांत व्हेरियर एल्विन होते, ज्यांनी पुढचे सारे आयुष्य भारतात काढले आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय नागरिकत्व घेतले. फरारबाईंपासून विन्सलो यांच्यापर्यंत येताना परदेशी शिक्षकाची जागा बदलत गेलेली दिसते. आधी तो शिकवण्यासाठी इथली भाषा शिकत होता. नंतर तो इथल्या कवीचा विद्यार्थी झाला.

शिक्षिका : पोशाख आणि जेवण बदलणे हे तुलनेने सोपे काम आहे, पण निर्णयाच्या बैठकीत बरोबरीने बसणे अवघड असते. विन्सलो यांनी तेही करून पाहिले, म्हणून त्यांचे उदाहरण मोलाचे. शिकणारा परदेशी आणि शिकवणारा परदेशी एकाच देहात असू शकतात, हे यातून मान्य करावे लागते.

आजचा शिक्षक

प्राध्यापक : मग आज एखादी इंग्रजी भाषक व्यक्ती अहिल्यानगर जिल्ह्यात इंग्रजी शिकवायला आली, तर तिला काय सांगावे?

शिक्षिका : आधी हे सांगावे की काळ पालटला आहे. केंद्र सरकारच्या नियमावलीत नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या किमान पगाराची अट ठेवलेली आहे. भाषाशिक्षकांना त्या अटीतून सूट आहे, पण या सवलतीतून इंग्रजीचे शिक्षक स्पष्टपणे वगळलेले आहेत. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर नोकरीसाठी आलेल्याला १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. पगाराच्या त्या सवलतीचा अर्थ असा की फ्रेंच किंवा जपानी शिकवणारा परदेशी देशाला हवा आहे, आणि इंग्रजी शिकवायला इथली माणसे पुरेशी आहेत असे सरकारचे मत आहे. ते मत निराधार नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, आणि पाथर्डी, जामखेड किंवा अकोल्याच्या वाडीवस्तीवर ती शिकवणारी व्यक्ती मराठी असते. १९४७ साली अहमदनगर कॉलेज सुरू झाले ते भास्कर पांडुरंग हिवाळे या अमेरिकेत शिकून आलेल्या मराठी माणसाच्या पुढाकाराने. तेव्हापासून कोणाला बोलवायचे आणि कशासाठी, हे इथल्या माणसाने ठरवायचे, अशी दिशा पडली. परदेशी शिक्षकाने या निमंत्रितपणाचे भान ठेवले तरच त्याचे स्थिरावणे निकोप होईल.

प्राध्यापक : निमंत्रित झाला, तरी तो असे काय देऊ शकतो जे इथला शिक्षक देऊ शकत नाही?

शिक्षिका : एकट्याने तो फारसे देऊ शकत नाही, मराठी शिकत असलेला परदेशी मात्र पुष्कळ देतो. मराठी मूल इंग्रजीत कुठे अडखळते हे इथल्या शिक्षकाला ठाऊक असते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये येते. 'झाडाखाली', 'घरापाशी' यांतली शब्दयोगी अव्यये नामानंतर जोडली जातात, इंग्रजीत तोच संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो. 'अ', 'अॅन', 'द' ही इंग्रजी उपपदे, म्हणजे नाम निश्चित की अनिश्चित हे दाखवणारे छोटे शब्द, मराठीत नाहीतच, म्हणून मूल ती गाळते किंवा भलतीकडे घालते. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला या चुकांमागचे कारण कळत नाही, कारण त्याने ते नियम कधी शिकलेलेच नसतात. पण तोच माणूस मराठी शिकू लागला की खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने पोळी खाल्ली' यांत क्रियापद खाणाऱ्याऐवजी खाल्लेल्या पदार्थाप्रमाणे का बदलले, असे प्रश्न त्याला पडतात. त्या क्षणी तो आपल्या विद्यार्थ्याच्या जागी बसलेला असतो. भाषा शिकताना होणारी ओढाताण ज्याला रोज सोसावी लागते, तो दुसऱ्याच्या ओढाताणीवर हसत नाही आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही त्याला दाखवता येते.

प्राध्यापक : म्हणजे सुरुवातीला नाकारलेली अट, मराठी शिकण्याची, आपण दुसऱ्या दाराने आत घेतली.

शिक्षिका : नाकारली होती ती ही समजूत, की मराठी शिकली म्हणजे इथल्या मुलांचे हित ठरवण्याचा हक्क मिळतो. अध्यापनाचे साधन आणि बरोबरीची सुरुवात म्हणून मराठी हवीच, आणि ती अट इथल्या संस्थेने निमंत्रणातच घातली पाहिजे. त्याचबरोबर सरांनी मांडलेली दीर्घ मुक्कामाची अट मात्र सैल करावी लागेल. एक वर्ष राहणाऱ्याने एका स्थानिक शिक्षकाबरोबर जोडीने वर्ग घेतले, आणि तो गेल्यावर ते वर्ग त्या शिक्षकाला अधिक चांगले घेता आले, तर त्याचे वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही.

प्राध्यापक : हे मान्य आहे, कारण फरारबाईंचे मोठेपणही शेवटी याच कसोटीवर टिकते. त्यांच्या तेवीसेक वर्षांच्या मुक्कामापेक्षा त्यांच्या शाळा पाहून पुण्यात इथल्या माणसांनी काढलेली शाळा अधिक बोलते, आणि त्या शाळेला त्यांच्या उपस्थितीची गरज पडली नाही.

निष्कर्ष

दोन्ही भूमिका आरंभी जिथे होत्या तिथे राहिल्या नाहीत. दीर्घ मुक्कामाचा आग्रह धरणाऱ्या पक्षाला भिंगारच्या छावणीचे आणि अँडरसन यांच्या धोरणाचे उदाहरण पाहून हे मान्य करावे लागले की वर्षे आणि भाषाज्ञान मिळूनही परदेशी शिक्षक परका किंवा अधिकार गाजवणारा राहू शकतो. परदेशीयाकडून केवळ इंग्रजी घ्यावी, त्याच्या रुजण्याची चिंता करू नये, अशा दिशेने निघालेल्या पक्षाला हे मान्य करावे लागले की जो स्वतः भाषा शिकत नाही त्याचे शिकवणेही अपुरे राहते.

दोहोंच्या बेरजेतून स्थिरावण्याची कसोटी निघते ती अशी. परदेशी शिक्षक जिथे शिकवतो तिथल्याच कोणाकडून तरी तो नियमितपणे शिकत असला पाहिजे, विद्यार्थ्यांना काय हवे याचा निर्णय त्याने विद्यार्थी आणि त्यांच्या समाजाकडे राहू दिला पाहिजे, आणि त्याच्या कामातून ते काम पुढे नेणारा स्थानिक शिक्षक तयार झाला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात पहिली गोष्ट पुष्कळ प्रमाणात आढळते, दुसरी अनेकदा राहून गेली, आणि तिसरी ज्या ठिकाणी सर्वांत ठळकपणे घडली ते ठिकाण मिशनच्या बाहेर होते.

यातून जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांसाठी एक स्पष्ट कर्तव्य निघते. परदेशी पाहुणा आला की त्याला व्यासपीठावर बसवून मुलांना त्याच्या उच्चारांचे कौतुक करायला लावणे ही प्रथा बंद व्हावी. त्याच्या वेळापत्रकात पहिल्या आठवड्यापासून मराठीचा तास असावा आणि तो घेणाऱ्या शिक्षकाला त्याचे मानधन मिळावे. त्याचा प्रत्येक इंग्रजी वर्ग एखाद्या मराठी सहकाऱ्याबरोबर ठरवला जावा. आणि करार संपताना त्याच्या कामाचा अहवाल त्या सहकाऱ्यानेही लिहावा. सिंथिया फरार यांच्या शाळेत पंतोजींची नावे मागे पडली. आज येणाऱ्या प्रत्येक परदेशी शिक्षकाच्या कामात इथल्या शिक्षकाचे नाव बरोबरीने लिहिले गेले, तर या जिल्ह्याने आपल्या इतिहासातून योग्य तो धडा घेतला असे म्हणता येईल.